आंब्याच्या साइटसाठी होस्टिंग बदलायचंय, भरवशाचं कसं ओळखायचं? ऐन सीझनमध्ये साइट बसली होती

कलमबाग_देवगड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत, सासऱ्यांनी लावलेली. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल तेवढ्यावर समाधान मानायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थेट गिऱ्हाइकाला पेट्या द्यायला लागलो आणि ते इतकं चांगलं चाललं की पुढच्या वर्षी साइट करून घेतली, वर्डप्रेस आणि त्यावरच्या वूकॉमर्स ह्या दुकानाच्या प्लगइनवर. ओळखीतल्या एका मुलाने करून दिली, डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) पण त्यानेच घेतलं, ऑफरमध्ये स्वस्तात मिळालं आणि प्लॅनवर सगळं 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

यंदा अक्षय तृतीयेच्या आठ दिवस आधी रात्री नऊ वाजता मी व्हॉट्सअॅपच्या चारही ब्रॉडकास्ट लिस्टवर मेसेज टाकला की ऑर्डर घेणं सुरू झालंय, मिळून आठशेएक माणसं होतील. दहा मिनिटांत पहिला फोन आला की ताई साइट उघडत नाही. मी पॅकिंग शेडमध्येच होते, मोबाइलवर उघडून बघितलं तर पांढरं पान आणि त्यावर 508, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. मध्येच चालू व्हायची, दोन मिनिटांनी परत बंद. सगळ्यात वाईट म्हणजे अकरा जणांचे पैसे कापले गेले पण ऑर्डर साइटवर पेंडिंगच राहिली, पत्ता आहे का, किती पेट्या, चार डझनी की पाच डझनी, काही कळायला मार्ग नाही. रात्री दीड वाजेपर्यंत मी आणि माझा दीर पेमेंटचे मेसेज आणि फोन नंबर जुळवत बसलो होतो आणि पहाटे पाचला तोडणीला माणसं येणार होती. होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाकलं त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, एकच ओळ, प्लॅन अपग्रेड करा.

आता पाऊस संपलाय, मोहोर यायच्या आत हे काम मार्गी लावायचंय. नेटवर 'बेस्ट होस्टिंग' शोधलं तर प्रत्येक ठिकाणी पहिल्या नंबरला वेगळंच नाव आणि सगळेच म्हणतात 99.9 टक्के अपटाइम, म्हणजे साइट चालू राहण्याचा वेळ. बजेट वर्षाला दहा हजारापर्यंत ताणू शकते. कंपनी भारतातली घ्यावी की बाहेरची? शेअर्ड (अनेक साइटना मिळून एकच मशीन) पुरेल का व्हीपीएस (मशीनचा स्वतंत्र हिस्सा) घ्यावा? आणि मुळात कंपनी भरवशाची आहे हे पैसे भरायच्या आधी ओळखायचं कसं? मला कोडिंग येत नाही, पण सांगितलं तर शिकायची तयारी आहे.

---

सर्व्हर_सांभाळणारा

ताई, मी ठाण्यात असतो, बारा-तेरा वर्षं सर्व्हर सांभाळायचंच काम करतोय. आधी तुमचं नेमकं काय झालं ते सांगतो म्हणजे पुढचं निवडणं सोपं जाईल.

508 चा हा मेसेज म्हणजे सर्व्हर बंद पडला असं नाही. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट असतात, त्यातल्या एकीने सगळी ताकद खाऊ नये म्हणून प्रत्येक खात्याला क्लाउडलिनक्स नावाच्या सिस्टिमने कप्पा आखून दिलेला असतो. किती सीपीयू, किती रॅम आणि एका वेळी किती 'एन्ट्री प्रोसेस', म्हणजे एका वेळी पान बनवण्याची किती कामं चालू शकतात. ह्या शेवटच्या आकड्याकडे कोणी बघत नाही आणि दुकानाच्या साइटचा जीव त्यातच असतो. समजा तुमच्या प्लॅनला 20 एन्ट्री प्रोसेस आहेत आणि एक पान तयार व्हायला 2 सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला 10 पानं, बस्स. आठशे लोकांपैकी शंभर जण जरी पहिल्या पाच मिनिटांत आले आणि प्रत्येकाने पेटी निवडली, पिनकोड टाकला, कार्ट उघडलं, मागे जाऊन परत आले, की रांग लागते आणि मग 508.

तुम्ही म्हणाल कॅश प्लगइन, म्हणजे तयार पान साठवून ठेवणारं, होतं की. असेल, पण कॅश चालते ती सगळ्यांना सारख्या दिसणाऱ्या पानांसाठी, होमपेज, बागेचे फोटो, आमच्याविषयी वगैरे. कार्ट आणि चेकआउट प्रत्येकाचं वेगळं असतं, ते दर वेळी नव्याने पीएचपी (साइटचा प्रोग्रॅम ज्या भाषेत असतो ती) आणि डेटाबेसमधून बनतं. म्हणजे जिथे पैसे येतात तेच पान सगळ्यात जड. पेमेंट कापलं पण ऑर्डर पेंडिंग हे त्यामुळेच, पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे घेणारी सेवा, तुमच्या साइटला सांगायला आला की पैसे मिळाले आणि नेमकी तेव्हा साइट दार उघडेना.

आता 'अनलिमिटेड'. जागा आणि बँडविड्थ अनलिमिटेड म्हणणं कंपन्यांना परवडतं कारण छोट्या साइटला त्यातलं फारसं लागतच नाही. खरी मर्यादा सीपीयू, रॅम, एन्ट्री प्रोसेस आणि आयनोड म्हणजे एकूण फाइलींची संख्या ह्यात असते आणि ती जाहिरातीत नसते, अटींच्या पानावर खाली असते. माझा साधा नियम आहे, हे चार आकडे जी कंपनी पैसे घ्यायच्या आधी चॅटवर स्पष्ट सांगत नाही तिच्याकडे जायचं नाही. तुम्ही स्वतः विचारून बघा. आणि सकाळी अकराला नको, रविवारी रात्री साडेदहाला विचारा. तुमची गर्दी रात्रीची आहे, तेव्हा पलीकडे माणूस आहे का हे तेव्हाच कळेल. तयार उत्तराची लिंक चिकटवली तर समजून जा. आकडा सांगून वर 'तुमच्याकडे वूकॉमर्स आहे का, एका वेळी किती गिऱ्हाइकं येतात' असं उलट विचारलं तर तिथे काम जाणणारी माणसं आहेत.

99.9 टक्क्यांचा हिशोब पण करून ठेवा. 30 दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटं बंद राहिली तरी शब्द पाळला, वर्षाला पावणेनऊ तास. ती 43 मिनिटं तुमच्या मेसेजच्या रात्रीच आली तर? भरपाई म्हणून त्या महिन्याच्या बिलातला काही हिस्सा परत देतात, आंब्याचं नुकसान कोणी देत नाही. म्हणून तो आकडा वाचायचा आणि बाजूला ठेवायचा.

सर्व्हर कुठे आहे ते मात्र नक्की बघा. गिऱ्हाईक पुणे-मुंबईचं आहे तर मशीन मुंबईत किंवा निदान भारतात हवं. अमेरिकेतल्या सर्व्हरला इथून एक फेरी मारायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात आणि चेकआउटमध्ये अशा बऱ्याच फेऱ्या होतात. कंपनी कुठली ह्यापेक्षा डेटासेंटर कुठलं हा प्रश्न महत्त्वाचा, बाहेरच्या अनेक कंपन्या मुंबई किंवा बंगळुरूचं लोकेशन देतात, फक्त खातं उघडताना ते निवडावं लागतं आणि नंतर बदलणं कटकटीचं.

आता माझा प्रश्न, डोमेन कुणाच्या खात्यात आहे? ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकी काही करू नका.

---

मीनल_बेदाणा

शेवटच्या ओळीला माझं दहा वेळा अनुमोदन. आमचा नाशिकला बेदाण्याचा छोटा धंदा आहे आणि आमचं डोमेन पण 'ओळखीतल्या मुलाने' स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. तो नोकरी लागून बाहेर गेला, रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिले, त्याने काही मुद्दाम केलं नाही, पण एका सकाळी साइट पण बंद आणि ईमेल पण बंद. सुदैवाने मुदत संपून दोनच आठवडे झाले होते म्हणून नेहमीच्या भावात सुटलं. डॉट कॉम असेल तर मुदतीनंतर काही दिवस सवलतीचे असतात, नंतर रिडेम्प्शनचे 30 दिवस लागतात आणि त्यात सोडवायला जबर दंड पडतो, आणि त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. पिशव्यांवर, खोक्यांवर, पावत्यांवर छापलेलं नाव दुसऱ्याचं होऊ शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

तर ताई, त्या मुलाला गोडीत फोन करा आणि डोमेन तुमच्या स्वतःच्या खात्यात घ्या, तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल. एकाच कंपनीत असेल तर एका खात्यातून दुसऱ्यात ढकलता येतं, दुसऱ्या कंपनीत न्यायचं तर तो अनलॉक करून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड, देईल. नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन साठ दिवस दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून आत्ताच सुरुवात करा, फेब्रुवारीत नको. आणि डोमेन एका कंपनीकडे, होस्टिंग दुसरीकडे असं ठेवा. भांडण झालं तरी नाव आपल्या हातात राहतं.

दुसरं पैशाचं. पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळून जाऊ नका, रिन्यूअलचा भाव बघा. मी पहिल्यांदा जिथे घेतलं तिथे तीन वर्षांचे एकदम भरले होते, महिन्याला शंभरच्या आत पडत होतं, चौथ्या वर्षी बिल आलं ते जवळपास तिप्पट. रिन्यूअलचा भाव पानावर बारीक अक्षरात असतो, नसला तर चॅटवर लेखी घ्या. वर 18 टक्के जीएसटी धरा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर खरेदी करतानाच टाका, म्हणजे बिलावर येतो, नंतर बदलून घ्यायला फार त्रास होतो.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. कार्डातून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर 2021 पासून बदलले, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांचं ऑटो रिन्यू आपल्या कार्डावर बऱ्याचदा गपचूप फेल होतं. तुम्हाला वाटतं कापले गेले असतील आणि इकडे साइट सस्पेंड. यूपीआय घेणारी कंपनी असेल तर बरं पडतं. मी तर मुदतीच्या दीड महिना आधीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवते, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी.

---

कोडवाला_पुणे

एवढा विचार कशाला, सरळ व्हीपीएस घ्या. दोन जीबी रॅमचा हजार-बाराशे रुपये महिन्याला मिळतो, मुंबई किंवा बंगळुरू लोकेशन, त्यावर स्वतः लिनक्स टाकायचं, वेब सर्व्हर एनजिनएक्स, पीएचपी, डेटाबेस मारियाडीबी, सगळी ताकद तुमची, एन्ट्री प्रोसेसची भानगडच नाही. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट. युट्यूबवर व्हिडिओ आहेत, एका शनिवार-रविवारात होतं. मी माझ्या तीन साइट अशाच चालवतो, दोन वर्षांत एकदाही बंद नाही.

---

सर्व्हर_सांभाळणारा

कोडवाला, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे, पण ताईंना हा सल्ला मी देणार नाही आणि का ते सांगतो. उघडा व्हीपीएस म्हणजे रिकामा गाळा भाड्याने घेण्यासारखं आहे, वायरिंग, कुलूप, राखण सगळं आपलं. लिनक्सचे अपडेट कोण करणार? एप्रिलमध्ये रात्री बारा वाजता डेटाबेसने रॅम खाऊन मान टाकली तर लॉग कोण वाचणार? कंपनी म्हणेल मशीन चालू आहे, आतलं तुमचं तुम्ही बघा, आणि ते त्यांच्या बाजूने खरंच असेल. एप्रिल-मेमध्ये ज्या घरात कोणाला जेवायला सवड नसते तिथे हे काम ठेवायचं नाही. वर्षाचा हिशोब केला तरी तो पंधरा हजाराच्या आसपास जातो, बजेटच्या बाहेर.

ताईंसाठी तीन रस्ते मला दिसतात. एक, चांगल्या कंपनीचा वरच्या पायरीचा शेअर्ड प्लॅन, लाइटस्पीड हा वेगवान वेब सर्व्हर असलेला, एन्ट्री प्रोसेस आणि सीपीयू जास्त दिलेला, महिन्याला चारशे ते आठशे रुपयांत बसावा. दोन, मॅनेज्ड व्हीपीएस, म्हणजे राखण त्यांची, पण ते महाग. तीन, वूकॉमर्स सोडून शॉपिफायसारख्या तयार दुकानावर जाणं, तिथे होस्टिंगची चिंता उरत नाही पण भाडं दर महिन्याला आणि सीझन संपल्यावरही चालूच. तुमचा धंदा तीन महिन्यांचा आहे म्हणून माझं मत पहिल्या रस्त्याला, पण एका अटीवर, मार्चमध्ये एक पायरी वर जाता येतं आणि जूनमध्ये खाली येता येतं का हे आधी विचारा. वर जायला सगळे हो म्हणतात, खाली यायला किती जण म्हणतात ते बघा.

रिव्ह्यूच्या पानांबद्दल पण सांगतो. ती बहुतेक पानं कमिशनवर चालतात, तुम्ही त्यांच्या लिंकवरून खरेदी केली की त्यांना पैसे मिळतात, मग पहिल्या नंबरवर कोण असणार हे उघड आहे. शिवाय तुम्ही ज्या चार नावांची तुलना करता ती एकाच घरची असू शकतात. बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही मूळची आपल्या मुंबईच्या डायरेक्टीची, 2014 मध्ये ती अमेरिकेतल्या एन्ड्युरन्सने घेतली, ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीपासून त्यांच्याकडे होती, आणि 2021 मध्ये हे सगळं न्यूफोल्ड डिजिटल ह्या नावाखाली आलं. ह्यात वाईट काही नाही, पण एक आवडलं नाही म्हणून दुसरीकडे जाताना आपण त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत जात नाही ना एवढं बघावं. नाशिकला माइल्सवेबसारखी आपल्याकडची कंपनी पण आहे, त्यांनाही तेच चार आकडे विचारा. नाव कुठलंही असो, प्रश्न तेच ठेवायचे.

---

राईनकाठचा

मी जर्मनीत राहतो, फ्रान्सच्या सीमेजवळ, स्ट्रासबर्ग नदीपलीकडे. तिथली गोष्ट सांगतो कारण बॅकअपचं इथे अजून कोणी बोललं नाही.

10 मार्च 2021 च्या मध्यरात्रीनंतर स्ट्रासबर्गला ओव्हीएच ह्या कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या होस्टिंग कंपन्यांपैकी एक, लहानसहान नाही. चार इमारतींपैकी एसबीजी टू नावाची पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी वनचा काही भाग गेला, उरलेल्या दोन बंद कराव्या लागल्या. माणसांना इजा झाली नाही हे नशीब. पण लाखो साइट एका रात्रीत बंद पडल्या, सरकारी, दुकानांच्या, छोट्या संस्थांच्या. त्यातल्या बऱ्याच काही दिवसांत उभ्या राहिल्या, पण काही लोकांचा डेटा कायमचा गेला, कारण त्यांचा बॅकअप त्याच आवारात होता. पुढे काही ग्राहक कोर्टात गेले आणि 2023 मध्ये भरपाईचे निकालही लागले, पण गेलेला डेटा निकालाने परत येत नाही.

सांगायचा मुद्दा, कंपनी कितीही मोठी असो, 'आम्ही रोज बॅकअप घेतो' हे वाक्य ऐकल्यावर लगेच विचारायचं, कुठे ठेवता, किती दिवसांचे ठेवता आणि परत चढवायचे पैसे घेता का. आणि ते काहीही म्हणाले तरी स्वतःचा एक वेगळा ठेवायचा. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाची साइट मी बघतो, गणपतीच्या नोंदण्या त्यावरच होतात. अपड्राफ्टप्लस नावाचं फुकट प्लगइन टाकलंय, ते दर रात्री डेटाबेस आणि आठवड्यातून एकदा सगळ्या फाइली गूगल ड्राइव्हवर टाकतं. ड्राइव्हचे 15 जीबी फुकट असतात, फोटो भरमसाट नसतील तर तेवढ्यात मावतं. ताई, सीझनमध्ये तुम्ही डेटाबेस दर चार तासांनी घ्या, कारण तुमच्या एका दिवसाच्या ऑर्डरी म्हणजे भरलेल्या पेट्या आहेत.

आणि बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही, तो परत उघडून बघितला पाहिजे. आमच्याकडे एकदा असं झालं की आठ महिने बॅकअप चालू होता, हिरवी खूण दिसत होती, आणि खरंच गरज पडली तेव्हा कळलं की त्यात अपलोडचा फोल्डरच नाही, सेटिंगमध्ये एक टिक राहिली होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी एका रिकाम्या सबडोमेनवर (आपल्याच डोमेनखालचा वेगळा पत्ता) तो बॅकअप चढवून बघतो, फोटो दिसतात का, जुनी नोंदणी सापडते का. तासाभराचं काम आहे.

---

कलमबाग_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार, मला कल्पनाच नव्हती की इतकं काही असतं. मीनलताई, तुमचं वाचून छातीत धस्स झालं आणि लगेच त्या मुलाला फोन केला. डोमेन खरंच त्याच्या खात्यात आहे, मुदत जानेवारीत संपतेय. तो चांगला आहे, म्हणाला काकू मी आजच तुमच्या खात्यात टाकतो. आणखी एक, साइट हलवताना मधल्या वेळेत ऑर्डर आली तर काय? आणि आमचे ऑर्डरचे मेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातात ते पण होस्टिंगमुळेच का?

---

सर्व्हर_सांभाळणारा

मेलचं अर्धं होस्टिंगमुळे. शेअर्ड सर्व्हरवरून मेल जातो तेव्हा त्याच आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावरून, शेजारच्या शंभर साइटचाही जातो, त्यातल्या एकाने कचरा पाठवला की सगळ्यांचं नाव खराब. उरलेलं अर्धं म्हणजे डोमेनला एसपीएफ आणि डीकिम ह्या मेल खरंच तुमचाच आहे हे दाखवणाऱ्या नोंदी नसणं, फेब्रुवारी 2024 पासून जीमेल त्याबाबत बरंच कडक झालंय. ऑर्डरचे मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून पाठवूच नका, वेगळ्या मेल सेवेतून एसएमटीपी प्लगइनने (मेल त्या सेवेकडे देणारं) पाठवा आणि ती सेवा देईल त्या नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या यादीत, टाका.

हलवण्याचं असं. तुमच्याकडे आत्ता आंबाच नाही, म्हणजे ह्याहून चांगली वेळ नाही, दुकान दोन दिवस 'लवकरच सुरू' करून ठेवा. चालू दुकान हलवलं तर अर्ध्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये आणि अर्ध्या नव्यात पडतात आणि ते निस्तरणं म्हणजे तुमची ती रात्र परत. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, 300 वर आणा म्हणजे बदल पाच मिनिटांत पसरेल. नवीन कंपनी बहुतेक वेळा साइट फुकट हलवून देते, ती त्यांच्या तात्पुरत्या पत्त्यावर उघडून एक खोटी ऑर्डर शेवटपर्यंत करून बघा, मगच पत्ता फिरवा. एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या, विसरू नका, साइट चालते म्हणून सगळे खूश असतात आणि ईमेल चार दिवस कुठेच पोचत नाही, हे मी अनेकदा बघितलंय. पीएचपी 8 च्या पुढचं निवडा, 7.4 चं आयुष्य नोव्हेंबर 2022 मध्येच संपलं. जुनं होस्टिंग निदान महिनाभर बंद करू नका.

आणि अपटाइम स्वतः मोजा. अपटाइमरोबॉटसारखी सेवा दर पाच मिनिटांनी साइट बघून येते आणि बंद दिसली की मेल करते. महिन्याभरात कंपनीच्या शब्दाची किंमत तुम्हाला आकड्यात कळेल.

---

कलमबाग_देवगड

महिना झाला, काय काय केलं ते सांगते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

डोमेन माझ्या खात्यात आलं, पाच वर्षांचं भरून टाकलं. चार कंपन्यांना रविवारी रात्री चॅटवर तोच प्रश्न विचारला, एन्ट्री प्रोसेस किती, रॅम किती, आयनोड किती, रिन्यूअलचा भाव काय. एकीने तीन वेळा प्लॅनचीच लिंक पाठवली. एकीकडे वीस मिनिटं 'एजंट येत आहे' एवढंच दिसत राहिलं. दोघांनी नीट आकडे दिले, त्यातल्या एकाने विचारलं की मॅडम तुमची गर्दी कुठल्या महिन्यात असते आणि पेमेंट गेटवे कुठला आहे, आणि सीझननंतर खालच्या प्लॅनला आणून देऊ असं मेलवर लिहून दिलं. तिथे घेतलं, मुंबईचं लोकेशन, एक वर्षाचंच, तीन वर्षांचा मोह टाळला. जीएसटी धरून बजेटच्या आत बसलं.

साइट हलवली त्या रात्री एमएक्सची नोंद खरंच राहिली होती, पण तुमचं वाचलेलं होतं म्हणून स्वतःलाच मेल पाठवून बघितला आणि लगेच कळलं.

मग मी एक परीक्षा घेतली. आमच्या बचत गटाच्या बायका, माहेरचे, सासरचे आणि मुंबईतले भाचे असे मिळून बेचाळीस जण गोळा केले आणि रात्री नऊला सगळ्यांनी एकदम साइट उघडून पेटी कार्टमध्ये टाकायची, पिनकोड भरायचा आणि पेमेंटच्या पानापर्यंत जायचं असं ठरवलं. मी लॅपटॉपवर होस्टिंगच्या पॅनलमध्ये आलेख उघडून बसले होते, सासरे शेजारी खुर्ची ओढून. नऊ वाजता रेष वर चढायला लागली, साठ टक्क्यांच्या वर गेली, सत्तरला टेकली आणि तिथेच थांबली. कोणालाच 508 दिसलं नाही. एका मावशीला पान हळू उघडलं, पण त्यांच्याकडे रेंजच दोन काड्या असते. सासऱ्यांनी विचारलं ही रेष शंभरला गेली की काय होतं, मी म्हटलं त्या रात्री जे झालं ते. मग म्हणाले, तर मग सगळ्यांना एकदम मेसेज टाकतेस कशाला, आपण तोड पण टप्प्याटप्प्याने करतो. ते मला आधी सुचलंच नव्हतं. आता चार लिस्टना वीस-वीस मिनिटांच्या अंतराने मेसेज टाकणार आहे.

बॅकअप ड्राइव्हवर जातोय, परवा सबडोमेनवर चढवून बघितला, गेल्या वर्षीची पहिली ऑर्डर सापडली, डोंबिवलीची, दोन पेट्या.

कंपनीचं नाव बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय. आत्ता सांगत नाही कारण महिन्याभराच्या शांततेत कोणीही चांगलंच चालतं. अपटाइमरोबॉट लावलेलाय, एप्रिल-मे जाऊ दे, जूनमध्ये आकड्यांसकट ह्याच धाग्यावर येऊन लिहीन.

---

मीनल_बेदाणा

ताई, पाच वर्षांचं डोमेन भरलंत हे उत्तम केलंत, पण त्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेल दिरांना पण माहीत असू द्या, एकाच माणसाच्या डोक्यात नको. आणि पहिल्या तोडीच्या चार डझनी दोन पेट्या नाशिकला लिहून ठेवा.